विश्लेषण : इलेक्ट्रिक गिटार शिकायला मोबाइल पुरेसा असताना 'सर' कशाला हवेत?

गणपतीच्या आधी महिनाभर लालबाग-परळच्या गल्ल्यांत संध्याकाळी बेंजोचा सराव सुरू होतो. त्याच गल्लीतल्या एखाद्या खोलीत हेडफोन लावून बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिक गिटारवर एकच तुकडा चाळीसदा वाजवत असते. घरच्यांना ऐकू येते ती फक्त तारेची टकटक. समोर मोबाइलवर धडा सुरू असतो आणि तो बहुधा फुकट असतो. मग अडते कुठे? तीन-चार महिन्यांत ही गिटार पोटमाळ्यावर का जाते? फेंडर या प्रसिद्ध गिटार कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी मुलाखतींमध्ये सांगत, की नव्याने गिटार हाती घेणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. हा एका कंपनीचा अंदाज आहे, त्यामुळे तो चिमूटभर मीठ घालूनच घ्यावा. तरी ज्यांच्या घरात गिटार धूळ खात पडली आहे, त्यांना तो फारसा खोटा वाटणार नाही.

साध्या गिटारपेक्षा वेगळे काय?

लाकडी पोकळ गिटारमध्ये तारेचे कंपन पेटीतल्या हवेत घुमते आणि कानापर्यंत पोहोचते. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुतेकदा भरीव असते, त्यामुळे नुसत्या तारेचा आवाज जेमतेम खोलीपुरता. खरे काम तारांखालचा 'पिकअप' करतो. लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज तयार होते. फॅरेडेचा 1831 चा हा नियम दहावीच्या पुस्तकातही आहे. ही वीज अँप्लिफायर मोठी करतो.

मात्र अँप्लिफायरला चांगले-वाईट कळत नाही. वाजवलेला सूर मोठा होतो, तशी चुकून लागलेली शेजारची तार, बोट सरकल्याची किरकिर, उचललेल्या बोटामागे उरलेली गुणगुण, हे सगळेही मोठे होते. त्यात 'डिस्टॉर्शन', म्हणजे रॉकमधला तो फाटका, जाड आवाज लावला की बारीक आवाजही ठळक आवाजाच्या बरोबरीने वर येतात. साध्या गिटारवर कोणाला कळणार नाही अशी चूक इथे शेजारच्या खोलीपर्यंत जाते. म्हणून इलेक्ट्रिक गिटारमध्ये तार वाजवण्याइतकेच तार गप्प ठेवण्याचे तंत्र महत्त्वाचे ठरते. नवशिक्याला स्वतःहून सुचत नाही ती नेमकी हीच गोष्ट.

मोबाइलला काय दिसत नाही?

धड्याच्या व्हिडीओत शिकवणाऱ्याचा हात दिसतो. शिकणाऱ्याचा हात कोणालाच दिसत नाही. सगळी अडचण या एका वाक्यात मावते, पण ती नीट समजून घ्यायला हातांकडेच पाहायला हवे.

डाव्या हातापासून सुरुवात करू. (डावखुऱ्यांनी उलट वाचावे.) नवशिका तार जिवाच्या आकांताने दाबतो. त्याला वाटते, सूर नीट येत नाही म्हणजे जोर कमी पडतो. खरी गोष्ट बहुधा अशी असते, की बोट चुकीच्या जागी आहे. फ्रेट, म्हणजे सतारीवर ज्याला पडदा म्हणतात ती धातूची पट्टी. बोट तिच्या अगदी मागे टेकले तर थोडक्या जोरात सूर स्वच्छ येतो. दोन फ्रेटच्या मधोमध टेकले तर दुप्पट दाबूनही तार फडफडते. आणि फार दाबली तर तार ताणली जाऊन सूर चढतो. मग मुलगा गिटार बेसूर आहे म्हणून खुंट्या पिळत बसतो. शेजारी बसलेला माणूस पाच सेकंदांत सांगतो, 'बोट जरा पुढे घे, आणि सोड तो जोर.'

एक छान रीत अनेक शिक्षक वापरतात. बोट तारेवर नुसते टेकवायचे आणि तार छेडत राहायची. आधी 'ठक ठक' येते. मग दाब अगदी हळू वाढवायचा. ज्या क्षणी सूर स्वच्छ होतो, तिथे थांबायचे. तेवढाच जोर लागतो, त्यापुढचा सगळा वाया. हे व्हिडीओतही कोणी सांगेल. पण दहा मिनिटांनी गाण्याच्या नादात अंगठा पुन्हा नेकच्या मागून आवळू लागतो, खांदा वर चढतो, श्वास रोखला जातो, तेव्हा टोकायला तो व्हिडीओ तिथे नसतो.

दुसरी गोष्ट थोडी गणिताची आहे. फेंडर धाटणीच्या गिटारची वाजती तार साधारण 648 मिलिमीटर लांब असते. प्रत्येक फ्रेटगणिक ती ठरावीक प्रमाणात कमी होते, त्यामुळे फ्रेटमधले अंतर पुढे पुढे आक्रसत जाते. पहिला घर सुमारे 36 मिलिमीटरचा, पाचवा सुमारे 29 मिलिमीटरचा. पुस्तके आणि व्हिडीओ सहसा पहिल्या घरापासून सुरुवात करतात, म्हणजे जिथे बोटे सर्वाधिक ताणावी लागतात तिथून. लहान हाताच्या मुलीला चार बोटांचा सराव पहिल्या घरावर जमला नाही की ती 'माझी बोटेच छोटी' असे ठरवून मोकळी होते. जाणता शिक्षक तोच सराव पाचव्या घरावर नेतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक घर मागे आणतो.

उजव्या हाताचे प्रश्न निराळे. पिक बोटांबाहेर किती काढायची? बहुतेक नवशिके अर्धी पिक बाहेर ठेवतात, मग ती तारेत अडकते आणि हात अडखळतो. टोकाचा दोन-चार मिलिमीटर भाग पुरतो. हालचाल कोपरातून नव्हे तर मनगटातून; आणि एकदा खाली, एकदा वर, हा क्रम मोडायचा नाही. सगळे फटके खालीच मारायची सवय लागली तर सुरुवातीला काही बिघडत नाही. गाणे वेगाचे निघाले की मग कळते, आणि तोवर सवय हाडात मुरलेली असते.

तार गप्प ठेवायचे काम दोन्ही हातांनी वाटून घ्यायचे असते. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड जाड तारांवर अलगद टेकते. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचा उताणा भाग खालच्या बारीक तारांना हलकेच स्पर्श करतो, त्याचे टोक वरच्या तारेला बोचते आणि तिला बोलू देत नाही. म्हणजे सहा तारांतली एक बोलते आणि पाच गप्प बसवलेल्या असतात. साधी गिटार शिकवणारे काही जण याकडे लक्षच देत नाहीत, कारण त्यांच्या वाद्यावर गरज कमी पडते. इलेक्ट्रिक शिकायची असेल तर इलेक्ट्रिक वाजवणाराच शिक्षक शोधावा, असे म्हणतात ते यासाठी.

बेंजोवाल्याची पोरे पुढे का जातात?

गिरणगावातल्या मुलांना या वाद्याकडे येताना एक आयती पुंजी मिळते, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मुंबईत ज्याला बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकी बँजोशी संबंध नावापुरताच. हे वाद्य म्हणजे विजेवर चढवलेला बुलबुलतरंग. बुलबुलतरंगाचे मूळ जपानच्या ताइशोगोतोमध्ये आहे, ते 1912 साली नागोयात तयार झाले. टाइपरायटरसारख्या कळा डाव्या हाताने दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. पुढे त्याला पिकअप बसला, भोंगे लागले आणि मिरवणुकीत ताशांच्या कडकडाटातही ऐकू जाईल असा आवाज मिळाला. रवी जाधव यांच्या 2016 च्या 'बँजो' या हिंदी चित्रपटाने हे वादक पडद्यावर आणले, पण गल्लीत ते त्याआधी कित्येक वर्षे होते.

तासन् तास मिरवणुकीत चालत बेंजो वाजवलेल्या मुलाचा उजवा हात तयार असतो. लय सुटत नाही, फटका डगमगत नाही आणि चाल एकदा ऐकली की कानात बसते. त्याला अडते ते डाव्या हाताशी. बेंजोत सूर दाबायचे काम कळ करते. सूर लागला की लागला. गिटारमध्ये बोटाला स्वतः तार शोधावी लागते, शिवाय नको त्या तारा अडवाव्या लागतात. अशा मुलाला मेट्रोनोमचे पहिले धडे देत बसणारा शिक्षक त्याचा महिना फुकट घालवतो, तर त्याच वर्गात शेजारी बसलेल्या, हार्मोनियम शिकून आलेल्या मुलीची गोष्ट वेगळी असते. तिला सूर कळतात, बोटे सुटी असतात, मात्र पिकचा हात कच्चा. आणि हार्मोनियमवर मींड नाही, त्यामुळे तार ओढून सूर चढवायचा 'बेंड' तिला परका. एकच व्हिडीओ या दोघांना एकच धडा देतो.

बेंडचे उदाहरण घेऊ. तिसऱ्या तारेच्या सातव्या घरावरचा सूर ओढून नवव्या घराच्या सुराइतका चढवायचा असतो. नवशिका ओढतो, पण नेमका किती हे कानाने तपासत नाही. बहुधा कमीच चढतो. ऐकणाऱ्याला काहीतरी खटकते, वाजवणाऱ्याला कळत नाही. उपाय साधा आहे: आधी नववे घर वाजवून तो सूर कानात धरायचा, मग सातव्यावरून ओढून तिथे पोहोचायचे. एका बोटाने नव्हे, मागच्या दोन बोटांचा आधार देऊन, मनगट फिरवून. आपल्याकडे गळ्यावर आणि सतारीवर मींड घोटून घेणारे गुरू हेच करत आले आहेत. ऑपेरा हाऊसजवळच्या देवधर स्कूल ऑफ इंडियन म्युझिकमध्ये, जिथे कुमार गंधर्व लहानपणी शिकायला आले, 1925 पासून हीच पद्धत चालली. आधी कान, मग बोट.

वेग कधी वाढवायचा?

'कधी येणार रे ते सोलो?' हा प्रश्न शिक्षकांना सर्वाधिक विचारला जात असावा. मेट्रोनोम 60 वर लावून प्रत्येक ठोक्याला चार सूर वाजवले तर सेकंदाला चार सूर होतात. 120 वर आठ. चारवरून आठवर जायला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नाही, पण कसे जायचे हे सांगता येते. ज्या वेगावर तुकडा लागोपाठ तीनदा स्वच्छ येतो, तिथून चार-पाच ठोके वर. बिघडला की पुन्हा खाली. कंटाळवाणे आहे, खरे आहे.

अडचण 'स्वच्छ' या शब्दाशी येते. वाजवताना माणूस स्वतःचे वाजवणे ऐकत नाही, त्याला जे वाजवायचे आहे ते ऐकत असतो. यावर अर्धा इलाज खिशातच आहे: मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलेले आपले आपल्याला बरे वाटते. उरलेला अर्धा इलाज मात्र माणसाकडे जातो, कारण चूक ऐकू आली तरी तिचे कारण हातात कुठे आहे, हे नवशिक्याला उमगत नाही. सातव्या सुरावर अडखळण्याचे कारण पुष्कळदा पाचव्या सुरावर घेतलेल्या चुकीच्या बोटात असते.

गुरूमुळे खरेच फरक पडतो का?

अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवरचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध केला. पुढे माल्कम ग्लॅडवेल यांच्या 2008 च्या पुस्तकामुळे त्यातून 'दहा हजार तास' हा आकडा जगभर झाला आणि मूळ मुद्दा मागे पडला. एरिक्सन यांचा भर तासांवर कमी आणि सरावाच्या जातीवर जास्त होता: कमकुवत जागा हेरून त्यावरच बेतलेला, शिक्षकाने आखून दिलेला सराव. यालाही नंतर आव्हान मिळाले. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संगीतातल्या कौशल्याच्या फरकापैकी सुमारे 21 टक्के भागच अशा सरावाने समजावता आला. बाकीचा कशामुळे, यावर वाद सुरू आहे. म्हणजे गुरू मिळाला की झाले, असे कोणी छातीठोक सांगू नये.

जिमी हेंड्रिक्स बहुतांशी स्वतःच शिकला, उजव्या हाताची गिटार उलटी धरून. हे उदाहरण नेहमी पुढे येते. त्याच्या उलट जो सॅट्रियानी यांची गोष्ट घ्या. स्वतः नावारूपाला येण्याआधी ते शिकवण्या घेत. न्यूयॉर्कजवळ त्यांच्याकडे शिकायला येणारा किशोरवयीन स्टीव्ह वाय आणि पुढे कॅलिफोर्नियात आलेला मेटॅलिकाचा कर्क हॅमेट, दोघेही जगप्रसिद्ध झाले. मजेची गोष्ट म्हणजे हे दोघे एकमेकांसारखे वाजवत नाहीत, आणि सॅट्रियानींसारखेही नाहीत.

मुंबईचे उदाहरण व्हायोलिनचे आहे, पण इथे चपखल बसते. गोव्याच्या माजोर्ड्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवत आणि शिकवतही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या नायकाला दिलेले नाव ही त्या गुरूला शिष्याने केलेली सलामी होती. सगळा देश ते नाव गुणगुणला, ते कोणाचे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

चाळीतल्या खोलीत आवाजाचे काय?

बीडीडी चाळीतली जुनी खोली 160 चौरस फुटांची. तिथे पाच माणसे, टीव्ही, अभ्यास करणारी बहीण आणि इलेक्ट्रिक गिटार. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ती घरातल्या सरावाला नाही. शांतता क्षेत्राच्या नियमाने तर धोबीतलावचे रंगभवन बंद पाडले, जिथे 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक'ने पिढीला विजेवरच्या गिटारची ओळख करून दिली होती.

घरात हेडफोनला पर्याय नाही. गिटारला खोचायचे छोटे हेडफोन अँप किंवा हेडफोनची सोय असलेले इफेक्ट्सचे यंत्र सरावाला पुरते. एक इशारा मात्र द्यायला हवा. हेडफोनवर भरपूर 'रिव्हर्ब' आणि 'डिस्टॉर्शन' लावून वाजवले की सगळे भव्य वाटते आणि तुटलेले सूर त्या घुमण्यात लपतात. रोजच्या सरावातला निम्मा वेळ कोरड्या, स्वच्छ आवाजात घालवायला शिक्षक सांगतात तो यामुळे.

विजेचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. जुन्या इमारतीत अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कोणी काढून टाकली असेल, तर बिघडलेल्या अँपमधला करंट थेट वादकाच्या बोटांत येऊ शकतो. ओठ माइकला लागल्यावर झटका बसला, बोटांना झिणझिण्या आल्या, तर वाजवणे तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियन बोलवावा. नुसती 'हूं' अशी गुणगुण वेगळी. आपल्या विजेचा 50 हर्ट्झचा हेलकावा पिकअप पकडतो, चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटजवळ जास्त. खुर्ची थोडी वळवली की तो कमी होतो. तारेला हात लावल्यावर कमी झाला तर घाबरायचे कारण नाही.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत तारा लवकर गंजतात, नेकचे लाकूड ओल धरते आणि मे महिन्यात सरळ असलेली गिटार जुलैत फडफडू लागते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसणे हा फुकटचा उपाय. नेकमधल्या सळईचा स्क्रू मात्र व्हिडीओ पाहून पिळू नये. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर नवशिक्याची निम्मी दुखणी तिथूनच येतात. धोबीतलावच्या 1865 पासूनच्या फुर्टाडोजसारख्या दुकानांत किंवा दादरच्या एखाद्या कारागिराकडून ते एकदा बसवून घेतलेले बरे.

दुखणे कोणते चालेल, कोणते नाही?

बोटांच्या टोकांना पहिले काही आठवडे हुळहुळते. मग तिथली कातडी टणक होते. हे ठीक. मनगट, कोपराखालचा भाग किंवा अंगठ्याचे मूळ दुखत असेल, बोटे बधिर होत असतील, तर ते ठीक नाही. 'रियाज म्हटला की दुखणारच' असे सांगणारे सर बदलावेत. बसायची पद्धत, पट्ट्याची उंची, मनगटाचा बाक, हे आधी पाहायचे आणि तरी थांबले नाही तर डॉक्टर.

मग सर निवडायचे कसे?

परीक्षा देणाऱ्या संस्था आहेत. लंडनच्या ट्रिनिटी आणि रॉकस्कूलच्या इलेक्ट्रिक गिटारच्या श्रेणी परीक्षा भारतात देता येतात. क्रम हवा असणाऱ्या मुलांना त्यांचा उपयोग होतो. मात्र वर्षभर तीन-चार तुकडेच घोटून प्रमाणपत्र मिळवलेल्या मुलाला मित्राने 'जरा हे गाणे वाजव' म्हटल्यावर घाम फुटतो, हेही दिसते. अभंगांना गिटारची साथ देणाऱ्या मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'सारख्या बँडकडे पाहून शिकायला येणाऱ्याला वेगळे काही हवे असते, आणि ते शिक्षकाला आधीच सांगितलेले बरे.

पहिल्या तासाला एक गोष्ट पाहावी. सर किती वेळ स्वतः वाजवतात आणि किती वेळ तुमच्या हाताकडे बघतात? तासभर त्यांनीच सोलो ऐकवले तर छान करमणूक झाली, इतकेच. दहाजणांच्या वर्गात दहा गिटार एकदम अँपला जोडल्या असतील तर तुमची चुकीची तार कोणालाही ऐकू येणार नाही. फी परवडत नसेल तर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी एक तास एकट्याने घ्यावा, आणि मधल्या दिवसांत मोबाइलवरचे धडे सरांनी नेमून दिलेल्या क्रमाने पाहावेत. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. रोज वीस मिनिटे मिळाली तरी चालतात, रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा ती बरी.

जाताना स्वतःची केबल, दोन पिक आणि पहिल्या, बारीक तारेची एक जादा जोडी न्यावी, कारण आधी तुटते ती तीच. मोबाइलवर काल वाजवलेले एक मिनिटाचे रेकॉर्डिंगही न्यावे, चुकांसकट.